ओरोमो पुरुषांचे केस: त्या व्हायरल पोस्टमधला एकेक मुद्दा

बरेच दिवस एक पोस्ट मराठी ग्रुपमधून फिरतेय, व्हॉट्सअ‍ॅपवर पण आणि फेसबुकवर पण. वर चार-पाच फोटो आणि खाली मजकूर. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेत ओरोमो नावाची एक छोटी आदिम जमात आहे, तिथले पुरुष माणूस मारला की डोक्यावर शेंडी ठेवतात, वयाप्रमाणे हेअरस्टाइल बदलते, लहान मुलग्यांना केस वाढवून मुली म्हणून वाढवतात, म्हातारे कपाळावर शिवलिंग बांधतात, म्हणजे ते मूळचे आपलेच आहेत, आणि आता मात्र ही परंपरा संपली, तिथली पोरं अमेरिकन आफ्रो (गोल फुगवलेले केस) करून फिरतात.

वाचायला मजा येते म्हणून लोक पुढे पाठवतात, त्यात कुणाचा वाईट हेतू नसेलही. पण ह्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चूक आहे किंवा अर्धवट आहे, आणि जे अर्धवट आहे त्याने जास्त नुकसान होतं. ओरोमो पुरुषाचे केस हे त्याच्या समाजाच्या राज्यव्यवस्थेशी बांधलेले आहेत. त्या माणसाला आत्ता काय करायची मुभा आहे, काय वर्ज्य आहे, त्याच्याशी बाकीच्यांनी कसं वागायचं, हे सगळं त्या केसांवरून कळतं. ते बाजूला ठेवून नुसती ‘अजब हेअरस्टाइल’ दाखवली की हातात काहीच राहत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"छोटी आदिम जमात"

हे पटकन उरकतो. इथिओपियाच्या 2007 च्या जनगणनेत ओरोमो लोक साधारण साडेचौतीस टक्के होते, म्हणजे तेव्हाच अडीच कोटींच्या वर, देशातला सगळ्यात मोठा समाज. उत्तर केनियातही त्यांची वस्ती आहे. त्यात शेतकरी आहेत, गुरं राखणारे आहेत, अदिस अबाबात नोकरी-धंदा करणारे आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत, आणि वाका ह्या आकाशातल्या देवाला मानणारे जुन्या धर्माचे लोकही आहेत. बोराना, गुजी, अर्सी, कर्रय्यू असे त्यांचे कितीतरी गट, प्रत्येकाच्या रीती थोड्या वेगळ्या. त्यामुळे ‘ओरोमो पुरुष असे केस ठेवतात’ असं एकच वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही. खाली मी जे लिहितोय ते मुख्यत्वे बोराना लोकांबद्दल आहे, कारण जुनी व्यवस्था त्यांच्याकडे सगळ्यात पूर्ण स्वरूपात टिकली आणि अभ्यासही त्यांचाच जास्त झाला. दुसऱ्या गटाबद्दल असेल तिथे तसं सांगतो.

फोटो दुसऱ्याच लोकांचे आहेत

पोस्टमधले दोन फोटो सगळ्यात जास्त लक्ष वेधून घेतात, डोक्याच्या मागच्या बाजूला रंगवलेल्या चिकणमातीचा घट्ट गोळा आणि त्यात खोचलेलं शहामृगाचं पीस. हे ओरोमो नाहीत. ही ओमो नदीच्या खोऱ्यातल्या हमर आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची पद्धत आहे. ओमो खोरं इथिओपियाच्या नैऋत्य टोकाला आहे, हमर लोकांची भाषा वेगळ्या कुळातली, आणि 2007 च्या जनगणनेत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत होती. ओरोमिया हा ओरोमोंचा प्रदेश केवढा मोठा, पश्चिमेला वल्लेगापासून पूर्वेला हरारच्या आसपासपर्यंत आणि खाली दक्षिणेला केनियाच्या सीमेवर मोयालेपर्यंत पसरलेला. ओमो आणि ओरोमो ही नावं कानाला सारखी वाटतात, त्यामुळे टुरिस्ट फोटोंच्या वेबसाइटवरून कुणीतरी उचलले आणि चिकटवले असणार.

ह्याने फरक काय पडतो असं कुणी विचारेल. फरक हा पडतो की मातीचा गोळा आणि पीस ह्याचा हमर लोकांमध्ये शत्रू किंवा धोकादायक प्राणी मारण्याशी खरंच संबंध आहे, आणि पोस्टने ते उचलून सरसकट ओरोमोंच्या माथी मारलंय. एका समाजाचा फोटो, दुसऱ्याचं नाव, आणि अर्थ दोघांचा कालवलेला.

"माणूस मारला की शेंडी"

हा मुद्दा मात्र नीट घ्यायला हवा, कारण ह्यात थोडं तथ्य आहे आणि त्या तथ्याला चारशे वर्षांचा इतिहास आहे.

ओरोमो पुरुषांच्या केसांबद्दलच्या सगळ्यात जुन्या लेखनांपैकी एक 1593 च्या सुमाराचं आहे. बाहरे नावाच्या इथिओपियन ख्रिश्चन भिक्षूने गीझ ह्या तिथल्या जुन्या धर्मभाषेत ओरोमोंवर एक छोटा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की ज्यांनी माणूस किंवा मोठं जनावर मारलंय ते डोकं भादरून मधोमध थोडे केस ठेवतात, आणि ज्यांनी मारलेलं नाही त्यांना डोकं भादरता येत नाही, मग उवांनी हैराण होतात, म्हणूनच ते आम्हाला मारायला एवढे उतावीळ असतात. उवांची गोष्ट आजही लोकांना फार आवडते, आणि पोस्टमधली ‘माणूस मारला की शेंडी’ फिरत फिरत तिथूनच आली असावी असं मला वाटतं.

पण बाहरे कोण होता ते बघा. तो गामो भागातला, ओरोमोंच्या स्वाऱ्यांमध्ये त्याच्या स्वतःच्या मुलखाची लूट झालेली. सोळाव्या शतकात ओरोमो झपाट्याने उत्तरेकडे सरकत होते आणि ख्रिश्चन राज्य मागे हटत होतं, आपण का हरतोय हा प्रश्न त्याला छळत होता. त्याने ओरोमोंची व्यवस्था खूप बारकाईने पाहिली, आठ वर्षांनी सत्ता बदलते हे त्याने नोंदवून ठेवलंय, त्याचं ते लेखन आजही मोलाचं आहे. पण केस का ठेवायचे ह्याचं कारण त्याने बाहेरून, समोरच्या बाजूने, घाबरलेल्या माणसाच्या नजरेतून लावलं. आणि नीट वाचलं तर तोही फक्त माणसाबद्दल बोलत नाही, मोठ्या जनावराबद्दलही बोलतो, हत्ती, सिंह, रानरेडा वगैरे. पोस्टने जनावर गाळलं आणि माणूस तेवढा ठेवला.

आता आतून बघू. ओरोमोंची जी व्यवस्था आहे तिचं नाव गडा. युनेस्कोने 2016 मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पुरुष आयुष्यात एकामागून एक टप्प्यांतून जातो, बहुतेक टप्पे आठ वर्षांचे, आणि सगळा गट एकदम पुढे सरकतो. बोरानांमध्ये पहिला टप्पा डब्बाल्ले, मग गाम्मे धाकटे आणि गाम्मे थोरले, मग कूसा, मग राबा आणि डोरी, मग खुद्द गडा म्हणजे सत्तेचा टप्पा, जेव्हा त्या गटातले निवडलेले लोक आठ वर्षं समाज चालवतात आणि त्यांचा प्रमुख म्हणजे अबा गडा. आठ वर्षं झाली की उतरायचं, पुढच्या गटाच्या हातात द्यायचं. त्यानंतर युबा ही लांबलचक निम्म्या निवृत्तीची वर्षं, आणि शेवटी गडामोज्जी, मग पूर्ण निवृत्ती.

ह्यातला राबा हा लढवय्यांचा टप्पा. त्याच्याशी जोडलेला डोक्यावरचा केसांचा झुपका म्हणजे गूटू, आणि हो, तो पराक्रमाशी जोडलेला होता, मोठी शिकार किंवा लढाईतला शत्रू, आणि असा माणूस परत आला की त्याच्या डोक्याला लोणी लावायचे. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, ओरोमो स्वतःही लपवत नाहीत. लढाईच्या काळात लढवय्यांचा सन्मान बहुतेक समाजांनी केलाय. आता हत्तीची शिकार कायद्याने बंद आहे आणि जुन्या टोळीयुद्धांचा काळही गेला, त्यामुळे तो अर्थ मागे पडत गेला.

पण गाडी इथे थांबवली तर पूर्ण चुकीचं चित्र उभं राहतं. कारण त्याच समाजात, त्याच व्यवस्थेत, दुसऱ्या टोकाला गडामोज्जी आहे आणि त्याच्या केसांचा अर्थ बरोब्बर उलटा आहे.

गडामोज्जी म्हणजे आयुष्यभराची सगळी कामं करून झालेला म्हातारा. ह्या टप्प्यात तो डोक्यावरचे केस वाढवतो, त्यांना गुडुरू म्हणतात, आणि जोवर ते केस आहेत तोवर त्याच्यावर बंधनं असतात. हत्यार बाळगायचं नाही. कुठलाही जीव मारायचा नाही. रागाला जायचं नाही, शांत बोलायचं. तो आशीर्वाद देणारा माणूस आहे, लोक त्याच्याकडे पावसासाठी, मुलांसाठी, गुरांसाठी आशीर्वाद मागायला येतात. हा टप्पा संपतो तेव्हा मोठा विधी होतो, त्या गटातले म्हातारे कुटुंबांसकट एका ठिकाणी जमतात, आणि ते गुडुरू भादरलं जातं. त्या भादरण्याने तो माणूस गडाच्या चक्रातून कायमचा मोकळा होतो. इथिओपियाच्या बाजूला आणि सीमेपलीकडे केनियात मार्साबिटकडे राहणाऱ्या बोरानांमध्ये, दोन्हीकडे हा विधी होतो.

म्हणजे एकाच आयुष्यात एकदा डोक्यावरचा झुपका सांगतो की हा लढलाय, आणि काही दशकांनी डोक्यावरचे केस सांगतात की ह्याच्या हातून आता मुंगीही मरता कामा नये. फोटोत दोन्ही ‘शेंडी’च दिसणार. समोरचा माणूस कुठल्या टप्प्यात आहे हे माहीत असल्याशिवाय त्या केसांचा अर्थ लावताच येत नाही, आणि पोस्ट लिहिणाऱ्याने नेमकं तेच विचारलेलं नाही. पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाच्या आजोबांचा फोटो असा कुणी परदेशात ‘खुनी’ म्हणून फिरवला असता तर कसं वाटलं असतं, हे मला खरंच विचारावंसं वाटतं, कारण गुडुरू राखलेल्या म्हाताऱ्याला खुनी म्हणणं हा त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात पवित्र काळाचा अपमान आहे.

"मुलग्यांना मुली म्हणून वाढवतात"

इथे पोस्टने ‘तिसरं लिंग’ वगैरे शब्द घुसडलेत आणि कमेंटमध्ये त्यावरून घाणेरडे विनोद चाललेत. मुद्दा डब्बाल्लेंचा आहे. सत्तेत असलेल्या, म्हणजे गडा टप्प्यातल्या पुरुषांचे जे मुलगे, ते डब्बाल्ले. त्यांचे केस कापत नाहीत, लांब वाढवतात, नीट राखतात, कवड्यांनी सजवतात. लांबून बघणाऱ्याला मुलगी वाटते, हे खरं आहे.

पण त्या मुलाला कुणी मुलगी करत नाही. त्या आठ वर्षांत तो मुलगा पवित्र मानला जातो. त्याला मारायचं नाही, शिक्षा करायची नाही, आईबापांनी सुद्धा. तो माणसं आणि वाका ह्यांच्यातला दुवा मानला जातो, त्याच्या आईकडेही लोक आशीर्वादासाठी येतात. टप्पा संपला की ते केस उतरतात आणि मुलगा गाम्मे होतो, मग सामान्य मुलगा, गुरांमागे जायचं, चुकलं तर ओरडा खायचा. गाम्मे हे नावच मुळी डोक्याचा टाळू भादरून भोवती केस ठेवण्याच्या पद्धतीशी जोडलेलं आहे. (लग्न न झालेल्या बोराना मुलीही टाळू असाच भादरून ठेवतात आणि लग्नानंतर तिथले केस वाढू देतात, म्हणजे केसांवरून माणसाची जागा कळणं हे फक्त पुरुषांपुरतं नाही, पण तो वेगळा आणि मोठा विषय आहे.)

अस्मारोम लेगेस्से ह्या एरिट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात बोरानांमध्ये राहून गडाचा जो अभ्यास केला त्यात एक फार सुंदर गोष्ट समोर येते, ती म्हणजे पहिला आणि शेवटचा टप्पा एकमेकांचे जोडीदार आहेत. डब्बाल्ले आणि गडामोज्जी दोघेही पवित्र, दोघेही हिंसेपासून लांब, दोघेही देवाच्या जवळचे, दोघांचेही केस राखलेले, आणि दोघांचाही टप्पा केस उतरवून संपतो. सत्ता, लढाई, संसार, वाद, हे सगळं मधल्या वर्षांचं. आयुष्याच्या दोन्ही टोकांना माणूस ह्या सगळ्याच्या बाहेर असतो आणि समाज ते त्याच्या डोक्यावर सगळ्यांना दिसेल असं ठेवतो. मला विचाराल तर गडामधली ही सगळ्यात खोल कल्पना आहे, आणि ‘मुलींसारखे केस, हा हा’ ह्यात ती अख्खी वाया गेली.

"वयाप्रमाणे हेअरस्टाइल बदलते"

हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, बऱ्याच चांगल्या लेखांमध्येही असतं, पण चूक आहे. गडा वयावर चालत नाही, पिढीवर चालते.

नियम असा की मुलाचा गट बापाच्या गटाच्या बरोबर पाच टप्पे, म्हणजे चाळीस वर्षं मागे असला पाहिजे. मुलगा कधीही जन्मला तरी. आता समजा एक माणूस नियमाप्रमाणे त्याच्या वयाला शोभेल त्या टप्प्यात आहे आणि साठाव्या वर्षी त्याला मुलगा झाला. मुलगा चाळीस वर्षं मागे, म्हणजे जन्मल्या दिवशीच तो विशीतल्या पोरांच्या टप्प्यात, गाम्मे थोरल्यांत. त्याला डब्बाल्लेचे लांब केस कधी मिळतच नाहीत, त्याचा तो टप्पा जन्माआधीच होऊन गेलेला. असा मुलगा पुढे तरुणपणीच युबाच्या, म्हणजे निम्म्या निवृत्तीच्या टप्प्याला पोचू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या हे साचत जातं आणि मग एकाच टप्प्यात वेगवेगळ्या वयाचे लोक दिसतात. लेगेस्सेने माणसं मोजून हे दाखवलं, की टप्प्यावरून धरलेलं वय आणि खरं वय ह्यात प्रचंड अंतर पडलंय.

टप्प्यांचा मेळ बिघडू नये म्हणून व्यवस्थेत बंधनंही होती. राबा टप्पा ओलांडेपर्यंत, म्हणजे पुरुष नियमाने चाळिशी ओलांडेपर्यंत, बाप होण्यावर कडक मनाई होती, आणि त्याच्या फार क्लेशदायक गोष्टी नोंदलेल्या आहेत, त्या वेळेआधी जन्मलेल्या मुलांना घरात ठेवता येत नसे. व्यवस्था सुंदर आहे म्हणून तिची किंमत नव्हती असं नाही, हेही सांगायला हवं. आणि वयाचा विचार बोरानांनी सोडून दिला असंही नाही, समवयस्कांचे वेगळे गट त्यांच्याकडे आहेत, हारिया म्हणतात, लढाईच्या आणि रोजच्या कामासाठी ते उपयोगी पडायचे. पण डोक्यावरचे विधीचे केस येतात ते गडाच्या टप्प्यामुळे. म्हणून फोटोतल्या माणसाच्या सुरकुत्या बघून त्याच्या केसांचा अर्थ लावता येत नाही, त्याचा बाप कुठल्या गटातला हे माहीत असावं लागतं.

"शेंडी आणि शिवलिंग, म्हणजे ते आपलेच"

कमेंटमध्ये सगळ्यात जास्त लाइक्स ह्याच मुद्द्याला आहेत, आणि मला माहितीये की हे खोडून काढणं अनेकांना आवडणार नाही.

आधी कपाळावरची वस्तू. तिचं नाव कल्लाचा. कपाळावर उभा राहणारा लिंगाच्या आकाराचा दागिना, विधीच्या वेळी बांधतात, गडामोज्जीच्या विधीत तो असतो, आणि काल्लू म्हणजे धर्मप्रमुखांच्या कुळांशीही त्याचा संबंध आहे. आकाराबद्दल वाद नाही, मानववंशशास्त्रज्ञ सरळ तसंच लिहितात. पुरुषत्व, वंश चालू ठेवणं, आशीर्वाद देण्याचा अधिकार ह्याच्याशी तो जोडलेला आहे. शेजारच्या कोन्सो लोकांमध्येही तो आहे. पण त्याची कुणी स्थापना करत नाही, अभिषेक करत नाही, पूजा करत नाही. तो अंगावर घालायचा मान आहे. लिंगाचा आकार जगात कितीतरी ठिकाणी पवित्र मानला गेलाय, जुन्या ग्रीसमध्ये, जपानमध्ये, तेवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही.

शेंडीचंही तेच. टाळूवर केस राखणं आणि बाकी भादरणं हे युक्रेनच्या कोसॅक लोकांनी केलंय, उत्तर अमेरिकेच्या कितीतरी मूळ रहिवाशांनी केलंय, चीनमध्ये मांचू राजवटीने तर सक्तीने करायला लावलंय. माणसाला डोकं एकच आणि त्यावर केस ठेवायच्या जागा मोजक्या, त्यामुळे आकार जुळणारच. बघायचं असतं ते आकाराच्या मागचं. आपल्याकडे चौल-संस्कारानंतर ठेवलेली शिखा ही परंपरेने आयुष्यभर राखायची, संन्यास घेतला तरच उतरवायची. गुडुरू हे एका ठराविक टप्प्यापुरतं राखायचं आणि समारंभाने उतरवायचंच, न उतरवता त्या माणसाचा प्रवास पूर्ण होत नाही. ठेवण्यामागचा विचारच वेगळा. कुणी म्हणेल की मग डब्बाल्लेचे केस म्हणजे आपलं जावळ, तेही पहिल्यापासून राखतात आणि मग उतरवतात. दिसायला जवळ आहे, पण जावळ प्रत्येक मुलाचं निघतं, बाप गावचा सरपंच आहे का ह्याने त्यात फरक पडत नाही. डब्बाल्ले हा मुलगा डब्बाल्ले आहे तोच मुळी बापाच्या राजकीय टप्प्यामुळे.

भाषेचा पुरावा तर अगदीच उलटा आहे. ओरोमो भाषा कुशिटिक गटातली, सोमालीची जवळची नातेवाईक, आणि थोडं लांबून अरबी-हिब्रूच्या कुळातली. वाका ह्या देवाचं नाव सोमालींच्या इस्लामपूर्व धर्मातही होतं आणि कोन्सोंमध्येही आहे. ह्या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळतात आणि आफ्रिकेच्या शिंगाकडेच, म्हणजे तिच्या ईशान्य टोकाकडेच बोट दाखवतात.

आणि मला ह्याचं जास्त वाईट वाटतं की खरं नातं असताना आपण खोटं शोधतोय. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, 1610 च्या सुमारास खडकी वसवली जिचं पुढे औरंगाबाद झालं, मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत अडकवून ठेवलं आणि 1626 मध्ये वारला. जंजिऱ्याचे सिद्दीही तिकडूनच आलेले. त्या काळात इथिओपियातून ज्यांना गुलाम करून बाहेर नेलं त्यांत अनेक समाजांची माणसं होती. म्हणजे नातं आहे, कागदोपत्री आहे, पण त्याची दिशा पोस्टमध्ये सांगितली तिच्या उलटी आहे, तिथली माणसं इकडे आली आणि त्यांनी आपला इतिहास घडवला. ‘ते मूळचे आपले’ म्हणताना आपण त्यांच्याकडून त्यांचंच काढून घेतो, कारण मग गडा ही त्यांनी स्वतः विचार करून, भांडून, दुरुस्त करत उभी केलेली व्यवस्था राहत नाही, आपल्या कुठल्यातरी विसरलेल्या शाखेचा अवशेष होते.

"आता फक्त अमेरिकन आफ्रो"

शेवटच्या फोटोत तरुण पोरं आहेत, डोक्यावर गोल भरदार केस, एकाच्या केसांत लाकडी कंगवा खोचलेला. पोस्ट म्हणते हे अमेरिकेची नक्कल, आणि एका कमेंटमध्ये कुणीतरी बॉब मार्ले आणि रास्ताफारी आणलेत.

रास्ताफारी, म्हणजे हैले सेलासीला देव मानणाऱ्यांची चळवळ, 1930 च्या दशकात जमैकात सुरू झाली, हैले सेलासी 1930 मध्ये इथिओपियाचा सम्राट झाला त्यानंतर. त्याने परदेशातल्या कृष्णवर्णीयांसाठी जी जमीन दिली ती शाशामाने इथे, आणि शाशामाने आज ओरोमियात येतं, एवढाच काय तो भौगोलिक संबंध. त्यांच्या जटा आणि हे गोल केस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे गोल केस कर्रय्यूंची ओळख आहेत. कर्रय्यू म्हणजे अवाश नदीच्या खोऱ्यात, मेटेहारा आणि फेंटाले भागात उंट-गुरं राखणारे ओरोमो. त्यांच्या तरुणांच्या ह्या केसांना गुन्फुरा म्हणतात, लोणी लावून राखतात, कंगवा म्हणजे फिला. मोठे मोकळे केस ठेवायची रीत एकट्या कर्रय्यूंची नाही, इथिओपियाच्या उंच पठारावरही लढवय्ये असे केस ठेवायचे, गोफेरे म्हणतात, इटलीने 1936 ते 1941 देश व्यापला होता तेव्हा जंगलात राहून लढलेल्यांचे फोटो बघा. अमेरिकेत आफ्रोची लाट 1960 च्या दशकातली. कोण कुणाची नक्कल करतंय हा प्रश्न विचारायचाच असेल तर निदान सनावळ्या लावून विचारावा.

2014 ते 2018 च्या सरकारविरोधी ओरोमो आंदोलनात आणि बिशोफ्तू शहरातल्या इर्रीचा ह्या ओरोमोंच्या वार्षिक उत्सवांमध्ये शहरातल्या, कॉलेजातल्या पोरांनीही असे केस ठेवले, ज्यांचा गुरांशी काही संबंध राहिला नव्हता अशांनी सुद्धा. ते फॅशन म्हणून सुरू झालं असेल, काहींच्या बाबतीत तेवढंच असेल, पण ज्या देशात त्यांची भाषा शाळेत आणि कचेरीत कित्येक दशकं दाबली गेली तिथे डोक्यावर आजोबांसारखे केस घेऊन रस्त्यावर उतरणं हे बोलणंच आहे. त्याला अमेरिकन नक्कल म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आणि ‘परंपरा संपली’ म्हणणाऱ्यांनी कर्रय्यूंचं काय चाललंय ते बघावं. 1960 च्या दशकात त्यांच्या चराऊ जमिनी एका बाजूने मेटेहाराच्या उसाच्या मळ्यात आणि दुसऱ्या बाजूने अवाश राष्ट्रीय उद्यानात गेल्या. तरी त्यांनी गडा सोडली नाही. 1 डिसेंबर 2021 ला त्यांच्या गडाच्या नेत्यांपैकी 14 जणांना मारण्यात आलं, आणि इथिओपियाच्याच मानवी हक्क आयोगाने 2022 मध्ये सांगितलं की ते सरकारी सुरक्षा दलांनी केलं. संपलेल्या परंपरेच्या लोकांना कुणी असं वेचून मारत नाही.

हे खरं की बऱ्याच भागांत गडा मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथिओपियाच्या मेनेलिक राजाने ओरोमो मुलूख जिंकला तेव्हापासून सत्ता तिच्या हातून गेली, पुढे सम्राटाची राजवट, मग 1974 ते 1991 ची लष्करी राजवट. इस्लाम आणि ख्रिश्चन धर्म स्वीकारलेल्या अनेक कुटुंबांनी केसांचे विधी सोडले, त्यांचा तो हक्क आहे. आज बोराना तरुण शाळेत, सैन्यात, शहरात जातो तेव्हा सगळे टप्पे डोक्यावर वागवत नाही, रोजच्या दिवशी त्याचे केस तुमच्या-माझ्यासारखेच कापलेले असतात आणि विधीच्या वेळी गोष्ट बदलते. अबा गडा तर विधीच्या आणि सभेच्या वेळी रूफा नावाच्या फेट्यातच दिसतो. पण दर आठ वर्षांनी गायो इथे बोरानांची महासभा, गुमी गायो, भरते, कायदे पुन्हा म्हटले जातात आणि लागतील तसे बदलले जातात. आणि सत्ता ठरल्या वेळी हातांतून हातात जाते. 2017 मध्ये कुरा जारसो बोरानांचे 71 वे अबा गडा झाले, 2025 मध्ये त्यांनी ती जागा 72 व्या अबा गडांना, गुयो बोरू ह्यांना दिली, आणि ह्यांचीही आठ वर्षं 2033 ला भरतील.